राधाचा घोगरा आवाज

त्या दिवशी सकाळपासून राधाचा आवाज अगदी मोकळा होता. घोडपदेवच्या आमच्या चाळीत ती गॅलरीभर कविता म्हणत हिंडली, आणि मी आपली खूश.

राधा माझी मुलगी, नऊ वर्षांची. तिच्या फिट्स कुठल्याच गोळीला जुमानेनात, तेव्हा डॉक्टरांनी छातीत कातडीखाली छोटं मशीन बसवलं. त्याची तार मानेतल्या नसेला. मशीन थोड्या थोड्या वेळानं नसेला हलका झटका देतं, तेवढ्यापुरता आवाज घोगरा होतो. फिट आलीच तर मशीनवरून लोहचुंबक एकदा फिरवायचा, की ते लगेच जोर करतं. फिट्स निम्म्यावर आल्या होत्या. पण तो घोगरा आवाज! ऐकला की माझ्या अंगावर काटा यायचा. चुंबक दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असे.

दुपारी भाकरी थापत होते. धप्पकन आवाज झाला. राधा जमिनीवर, डोळे पांढरे, हातपाय झटके देतायत. खिळ्याकडे धावले. खिळा रिकामा.

"आत्या, चुंबक कुठाय?" मी सासूवर ओरडले.

सखुबाई माझी सासू. संपात गिरणी गेली, पाठोपाठ सासरे गेले, तेव्हापासून त्यांचा भरवसा माणसांवर नाही, काळ्या दोऱ्यावर.

"तिच्या गळ्यातच हाय की! काल राती दोऱ्यात ओवून बराबर मशीनवर बांधलाय. आधीच बांधला तर फिट येनारच नाय, म्हनलं."

डॉक्टरांनी बजावलं होतं, चुंबक मशीनवर तसाच राहिला तर मशीन थांबतं. म्हणजे काल रात्रीपासून ते बंद. म्हणून तर गळा मोकळा!

फ्रॉकचा गळा फाडला, दोरा दातांनी तोडला, चुंबक छातीवरून फिरवला. काही नाही. ओठ निळे पडायला लागले. घाईत चुंबक हातातून निसटला. उचलून पुन्हा फिरवला. सासूबाई भिंतीला टेकून स्वतःच्याच तोंडात मारून घेत होत्या. पोर हातची गेली तर, एवढंच माझ्या डोक्यात.

मग हात ढिले पडले. श्वास नीट चालू झाला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"आई..."

भसाडा, फाटका, घोगरा आवाज.

"परत म्हण, बाळा," मी म्हटलं. "परत म्हण."