कुरणाकडची बाजू

खिंडीतल्या टॉवरखालच्या खोलीत तेमिरकान यंत्रांचं कपाट उघडून बसला होता. सगळ्यात वरचं मॉड्यूल वीज वाटून देतं, मधलं सगळ्यांच्या बोलण्याची जुळवाजुळव करतं आणि खालची तीन रेडिओ मॉड्यूलं ते बोलणं अँटेनाकडे धाडतात. तिन्हींच्या दिशा ठरलेल्या. एक गावाकडे, एक रस्त्याकडे, एक उन्हाळी कुरणांकडे. त्यातलं नेमकं गावाकडचं जळलं होतं. कालपासून गाव मुकं झालं होतं आणि दवाखान्यात अडलेल्या बाळंतिणीसाठी नारिन शहरातून गाडीसुद्धा मागवता येत नव्हती.

"नवं मॉड्यूल सोमवारशिवाय नाही," ऑफिसातल्या बाई फोनवर म्हणाल्या. "कुरणाकडचं काढून गावाला लाव. माणसं उतरली ना खाली सगळी?"

सगळी उतरली होती, फक्त तेमिरकानचे दाजी, जेकशेन, मागे राहिले होते. घोडी चुकली होती आणि ती सापडल्याशिवाय हा हट्टी माणूस हलणार नव्हता. त्यांना सांगून ठेवावं म्हणून तो फोन लावणार, तोच त्यांचाच आला.

"मेहुण्या, गाडी घेऊन ये रे वर. छातीत कळ येतेय."

"या वेळी छाती का? मागे पाय मोडला होता. धावत आलो, तर हातात कातर दिलीत आणि अख्खा कळप कातरून घेतलात."

दाजी हसले. हसता हसता खोकले. "कातरलास कुठे, भादरलास! बिचाऱ्या मेंढ्या अजून लाजतात. ये लवकर, बहिणीला विधवा करशील."

"करतो की. या खेपेला बरा नवरा बघू तिला. आणि ऐका, तुमच्या बाजूचा रेडिओ काढतोय. फोन बंद पडेल."

"काढ, काढ. तुझं तोंड तरी बंद होईल."

दाजी-मेहुण्याचं बोलणं हे असंच. दोघं सरळ बोलले असते, तर यांचं काहीतरी बिनसलंय असं लोकांना वाटलं असतं.

तेमिरकानने वीज तोडली, केबली सोडवल्या, मॉड्यूल ओढून काढलं आणि गावाच्या खणात बसवलं. मधल्या मॉड्यूलने ते ओळखायला बराच वेळ घेतला. अखेर हिरवा दिवा लागला, गावाला वाचा फुटली आणि त्याला हायसं वाटलं. कुरणाच्या रिकाम्या खणावर लाल दिवा होता.

पहिला फोन बहिणीचा, बुर्माकानचा.

"लागला बाई एकदाचा! अरे, शेजारचा सुयुनबाय स्वतःचा चुकलेला घोडा शोधायला वर गेला होता, तो आत्ता आलाय. म्हणतो, तुझ्या दाजींचं तोंड काळंनिळं पडलंय, घोड्यावर बसवत नाही. ते म्हणाले, मेहुण्याला फोन करतो. आला का तुला?"

तेमिरकानने कुरणाच्या खणावरच्या लाल दिव्याकडे पाहिलं.

"आला होता," तो म्हणाला.

"देवाची कृपा! मग तू पोचला असशीलच. दे बघू त्यांच्याकडे, बोलते."