झेंडूच्या हाराखाली

मित्रांनो, जरा जवळ या. मी नाशिकच्या इंदिरानगरातला एक जुना कॉम्प्युटर आहे. आज दसरा आहे, आणि माझी गोष्ट मला लवकर संपवायला हवी.

चार वर्षांपूर्वी, दोन हजार एक साली, गंगापूर रोडवरच्या दीपकशेठच्या दुकानात माझी जुळणी झाली. त्या दिवाळीत समाधानने मला घरी आणलं. समाधान अंबडच्या कारखान्यात मशीन चालवतो. सुट्टीच्या दिवशी तो माझ्यावर मोटारींच्या शर्यती खेळायचा, आणि दारात बघ्यांच्या चपलांचा ढीग पडायचा. "काय पळतोय राव," असं कुणी म्हटलं की मी फुशारून जायचो. खोटं कशाला बोलू?

पुढे नवे खेळ आले आणि मला धाप लागू लागली. ऐन वळणावर गाडी अडखळायची. कौतुक आटलं. समाधान माझ्या डोक्यावर चापट्या मारायचा, जशी काही चूक माझीच. त्याची बहीण शुभांगी मात्र मला रोज फडक्याने पुसायची. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा तिचा प्रोजेक्ट माझ्या पोटात आहे. तीन महिन्यांची मेहनत, दुसरी प्रत कुठेच नाही. उद्या तो कॉलेजात द्यायचा आहे.

गेल्या आठवड्यात माझा प्रोसेसर, म्हणजे माझा मेंदूच, बदलायचं ठरलं. दीपकशेठने दोन समोर ठेवले.

"हा बेताचा पळतो, पण थंड राहतो. तुमच्या मशीनला झेपेल. हा दुसरा एकदम फास्ट, पण तापतो. याला मोठा पंखा लागतो, तो मुंबईहून यायला आठ दिवस लागतील."

"दसऱ्याला बसलाच पाहिजे," समाधान म्हणाला. "फास्टवालाच द्या. पंख्याचं नंतर बघू."

कारखान्यात हाच माणूस मशीन थंड ठेवणारं कूलंटचं पाणी सोडल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. घरी आला की सगळं विसरतो. मला तेव्हाच धडकी भरली.

परवा नवा मेंदू बसला. दोन शर्यती मी सुसाट पळालो, तिसरीत बंद पडलो. मित्रांनो, ते माझं शहाणपण होतं. फार तापलो की आपोआप बंद व्हायची सोय माझ्यात आहे. समाधानला वाटलं, मी नाटकं करतोय. काल त्याने ती सोयच बंद करून टाकली. हवा लागावी म्हणून बाजूचं झाकण काढून ठेवलं, तेवढीच काय ती दया.

"दादा, आधी माझा प्रोजेक्ट सीडीवर काढून दे ना," शुभांगी म्हणाली.

"देतो गं. दसरा तर होऊ दे."

आज सकाळी त्यांचे वडील गोटीरामनाना पाथर्डीच्या मळ्यातून झेंडूची पाटी घेऊन आले. विळे, कुदळ, फवारणीचा पंप, समाधानची मोटारसायकल, सगळ्यांची पूजा झाली. शेवटी नाना माझ्यापाशी आले. हळदकुंकू लावलं आणि सगळ्यांत जाड हार स्वतःच्या हाताने मला घातला. "पोरीचं शिक्षण याच्यात हाय," म्हणाले. मला गहिवरून आलं. इतक्या मानाने मला कुणी हात लावला नव्हता.

पण हाराच्या दोऱ्याचं टोक उघड्या बाजूने आत लोंबत होतं. समाधानने बटण दाबलं. प्रोसेसरवरचा छोटा पंखा घरघरला, त्याने दोरा ओढून घेतला. दोन वेढे, चार वेढे, मग एक अख्खं फूल आत आलं आणि पंखा थांबला.

घरघर बंद झाली तसे नाना खूश झाले.

"बघ, पूजा पावली. किती गुमान चालतोय आता."

"खरंच की," म्हणत समाधान जेवायला आत गेला.

मित्रांनो, मी आतून भाजतो आहे आणि मला थांबता येत नाही. मी जळालो तर पोटातलं काय काय जळेल, माझं मलाच ठाऊक नाही. तुम्ही तरी एवढं करा. तुमच्या घरचं मशीन तापलंय का, ते हात लावून बघत जा. ते दमून थांबलं तर त्याला थांबू द्या. आणि कधी ते फारच शांत झालं, तर आनंद मानण्याआधी आत डोकावून बघा.

शुभांगी खुर्ची ओढून बसली आहे. तिने कोरी सीडी माझ्या तोंडाशी धरली आहे. झेंडू करपल्याचा वास तिला अजून आलेला नाही.