वाटीसारखा गळा

आत्याचा फोटो ग्रुपवर आला की खाली वाहवांची रांग लागे. त्या रविवारीही तसंच झालं. खिडकीच्या उजेडात पांढऱ्या चादरीवर ठेवलेला तान्ह्या बाळाच्या स्वेटरचा गोल गळा, बशीसारखा सपाट. ‘बाई, तुमच्या हाताला तोड नाही,’ असं खुद्द खारुताईनं लिहिलं होतं.

खारुताई म्हणजे पॅटर्न लिहिणारी. शाळेत असताना लोकरीचे तुकडे दप्तरात साठवायची, म्हणून हस्तकलेच्या बाईंनी, म्हणजे आत्यानंच, ठेवलेलं हे नाव. आता ती क्रोशाचे नमुने रचून विकते, आणि विकण्याआधी चार-पाच जणींकडून विणून घेते. या विणणाऱ्या म्हणजे टेस्टर. त्यांच्या ग्रुपची रीत ठरलेली. काम कुठवर आलं याचा फोटो रविवारी टाकायचा. फोटोत लिहिलेला पॅटर्न दिसता कामा नये. नमुना बाजारात येईपर्यंत बाहेर कुणाला दाखवायचा नाही. आणि सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरांत: जसं लिहिलंय तसंच विणा, अडलं तर थांबा आणि सांगा.

ठकीनं फोटो टाकला नव्हता.

ठकी आत्याच्या भावाची मुलगी. ‘तुला साधी सूचना कळत नाही’ असं साहेबानं सगळ्या ऑफिससमोर सुनावून तिला कामावरून काढलं, तेव्हापासून ती मिटून गेली होती. आत्यानं तिला आपल्याकडे आणलं, हातात सुई दिली आणि खारुताईकडे शब्द टाकून टेस्टरही केलं. पहिल्या ओळी जमल्या तेव्हा पोर चक्क गुणगुणायला लागली होती. त्या रविवारपासून आता दोन दिवस खोलीचं दार लोटलेलं होतं.

आत्या चहा घेऊन आत गेली. ठकी पलंगावर उसवलेल्या लोकरीच्या ढिगात बसली होती.

“फोटो कधी टाकतेस गं?”

“कशाचा? याचा?” ठकीनं विणलेला तुकडा फेकला. गळा कडांनी वर वळला होता, हुबेहूब वाटी. “बाळाला घालायचा की त्याला यातून दूध पाजायचं?”

आत्या हसली नाही. तिनं तुकडा उलटापालटा केला.

“किती वेळा उसवलंस?”

“मोजायचं सोडून दिलं. आत्या, मी एकेक शब्द वाचून विणलं. तुझा सपाट, माझा वाटी. आपल्या टेस्टरांतली ती नर्स काल ग्रुप सोडून गेली, पाहिलंस? ‘मला नाही जमत, माफ करा’ म्हणून. मीही तेच लिहिते. साहेब बरोबर बोलला होता.”

आत्यानं कप खाली ठेवला. टाके वाढवत गेलं तर गळा सपाट पसरतो, नाहीतर वर वळतो. सहाव्या ओळीपासून पुढे ‘टाके वाढवा’ लिहायचं राहून गेलं होतं, हे तिला तिथे पोहोचताक्षणी कळलं होतं. चारचौघींत कशाला खारुताईला खाली पाहायला लावायचं, असं म्हणून तिनं मनानंच टाके वाढवले आणि पुढे गेली. शाळेतही ती असंच करी. प्रदर्शनाच्या आधी पोरांच्या रुमालांचे चुकलेले टाके गुपचूप सारखे करून ठेवी.

“ठके, तू बरोबर विणलंस,” ती म्हणाली. “पॅटर्न चुकलाय. मला ठाऊक होतं.”

ठकीनं मान वर केली.

“ठाऊक होतं? आणि तू फोटो टाकलास? सगळ्या जणी तुझा फोटो बघून स्वतःचं उसवत बसल्या, आणि तू वाहवा घेत बसलीस?”

“खारुताईला वाईट वाटेल म्हणून...”

“आणि मला? मी इथे भिंतीआड रडत होते.”

आत्या उठली. ती बाहेर आली. आपला सपाट गळा तिनं सहाव्या ओळीपर्यंत उसवला आणि पॅटर्न समोर धरून अक्षर न् अक्षर विणायला घेतला. बोटं सवयीनं जास्तीचा टाका घालायला धावत, ती त्यांना मागे ओढी. संध्याकाळी तिच्याही पुढ्यात वाटी होती. तिचा फोटो तिनं ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: ‘लिहिल्याप्रमाणे विणलं की हे होतं. आधीच्या फोटोत टाके मी माझ्या मनानं वाढवले होते आणि सांगितलं नाही. ज्यांनी उसवलं त्यांची चूक नव्हती.’ नर्सला तिनं वेगळा निरोप पाठवला. तो नर्सनं वाचला. उत्तर आलं नाही.

खारुताईचा फोन मात्र आला.

“बाई, परवा विक्रीला काढणार होते मी.”

“हो गं. चुकलंच माझं.”

“चूक माझी, ती मी सुधारीन. पण...” तिनं विचारलं. “टोपी, मोजे, ते पांघरूण... तेही तुम्हीच तपासलं होतंत. दर वेळी तुमचा फोटो बघून मी निर्धास्त व्हायचे. त्यांतही असं काही केलं होतंत का?”

आत्यानं आठवून पाहिलं. या वेळचं तिला ठाऊक होतं. आधीचं? हात चालत होते, मन दुसरीकडे होतं. हातांनी काय काय सावरून घेतलं, कोण जाणे.

“आठवत नाही गं.”

“ते नमुने लोकांनी विकत घेतलेत, बाई,” खारुताई हळूच म्हणाली आणि फोन ठेवला.

आत्यानं कपाट उघडून टोपी काढली. सुंदर होती. सुंदर असण्याचीच आता तिला भीती वाटली. उसवून पुन्हा विणून पाहायचं म्हटलं तरी तिचे हात पुन्हा तेच करतील.

“दे इकडे.” ठकी दारात उभी होती. डोळे सुजलेले, आवाजात अजून राग. “पॅटर्न दे टोपीचा. मला स्वतःची अक्कल चालवता येत नाही ना? मग जे लिहिलंय तेच विणीन.”

“ठके, रागावलीस अजून?”

“हो.” ती खाली बसली आणि सुईवर पहिली साखळी घेतली. “आणि तू मला काही सुचवायचं नाहीस. एक बोट लावायचं नाहीस. समोर बस. हात मागे.”

आत्या समोर बसली. तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.