हमीदचाचांच्या गळ्यातला बॉय

"हिंमत असेल तर चिकटव!" सृष्टी म्हणाली, आणि त्या येड्या निनादने "चॅलेंज अ‍ॅक्सेप्टेड" म्हणून टाकलं. दोन मिनिटांत माझ्या तोंडावर स्टिकर!

माझ्या म्हणजे कोणाच्या? अहो, मी बॉय बोलतोय. इंग्रजी शब्द आहे मी. वय सातशेच्या वर. आज माझं जाम डोकं फिरलंय, म्हणून गप ऐका.

पहिलं खानदान सांगतो. माझा बाप कोण, कोणालाच पत्ता नाही. काही पंडित म्हणतात, मी फ्रेंच बेड्यांमधून आलो, पाय बांधलेल्या माणसाचा शब्द. काही म्हणतात, छे, कुठल्यातरी जुन्या माणसाचं नाव होतं. तिसरे म्हणतात, बोबड्या पोरांनी भावाला मारलेली हाक. भांडा लेको! मला विचारायला एकजण आला नाही.

जुन्या कागदांत मी सापडतो तो नोकर म्हणून. कधीकधी तर हलकट, बदमाश म्हणून. मुलगा हा अर्थ मला नंतर मिळाला. वाटलं, सुटलो बुवा! आता क्रिकेट खेळणार, आईकडून लाड करून घेणार. कसलं काय! गोऱ्या साहेबांनी मला बोटीत घालून जगभर नेलं आणि मोठमोठ्या बाप्यांना माझ्या नावाने हाका मारल्या. पांढऱ्या मिशांचे आजोबा, आणि म्हणे बॉय! साहेब गेले, मला ठेवून गेले. आपल्या लोकांनी मला लोणच्यासारखं मुरवलं.

मराठीत माझं काम शिपाई हा शब्द करतो. तो बिचारा एकेकाळी सैनिक होता. आता फायली उचलतो. आम्ही भेटलो की दोघं मिळून शिव्या घालतो.

सध्या माझा मुक्काम दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात, हमीदचाचांच्या गळ्यातल्या कार्डावर. वर फोटो, मग नाव, खाली 'ऑफिस बॉय'. चाचा छप्पन्न वर्षांचे आहेत. रत्नागिरीकडचे. लाज वाटते हो मला त्या छातीवर लटकायची.

निनाद म्हणजे मॅनेजर वासुदेव सरांचा मुलगा, सृष्टी त्याची चुलत बहीण. शाळेला सुट्टी, घरी बोअर होतं, म्हणून ऑफिसात येऊन चिप्स खातात. नमाजाआधी वजू करताना कार्ड भिजू नये म्हणून चाचा ते काढून पॅन्ट्रीत ठेवतात. निनादने तेवढ्यात प्रिंट काढला, 'जनरल मॅनेजर', आणि दिला माझ्यावर थापून.

चाचा आले. चष्मा न लावताच कार्ड गळ्यात घातलं आणि चहाचा ट्रे घेऊन सरळ मीटिंगमध्ये.

"हबीबी, तुमच्याकडे जनरल मॅनेजर चहा देतात?" एक पाहुणा म्हणाला. सगळे खो खो हसले. सर सोडून.

"चाचा, कार्डात फेरफार? सिक्युरिटीचं कार्ड आहे हे!"

"साहेब, अल्लाची शपथ, माझा हात नाय लागला त्याला."

"मग काय आपोआप उगवलं? तुमचा रिन्यूअलचा कागद माझ्या टेबलावर आहे. आज सही करणार होतो. आता खलास!"

सही नाही म्हणजे व्हिसा नाही. म्हणजे सामान बांधा आणि गावी चला. चाचांच्या मुलीचं, मुनिबाचं, नर्सिंगचं अजून एक वर्ष बाकी आहे. मी स्टिकरखालून बोंबलत होतो, मला फाडा, पण चाचांना सोडा! ऐकतो कोण?

चाचांनी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "सही नको तर नको, साहेब. तेवढे कप धुवून जातो."

दाराबाहेर ते दोन दिवटे.

"बोल ना!" सृष्टी कुजबुजली.

"तू बोल. चॅलेंज तुझं होतं."

"चिकटवलं कोणी?"

पॅन्ट्रीत नळ सुरू झाला. निनादचं तोंड उतरलं. सर बाहेर आले तसा हळूच म्हणाला, "पप्पा, मी केलं ते."

सरांनी हुश्श केलं. हसले पण! "गाढवा! जाऊ दे, पाहुणे जाऊ देत, मग बघू. बॉय आहे, चालायचंच."

ऐकलंत? सोळा वर्षांच्याला माझं नाव लावलं की माफी. आणि छप्पन्नच्या माणसाला लावलं की चूक नसताना शिक्षा! सातशे वर्षांत एवढी तिडीक गेली नव्हती माझ्या डोक्यात. अरे, वापरताय मला तर सगळ्यांना सारखं तरी वापरा! नाहीतर त्या कार्डावरून काढून टाका मला कायमचं. हात जोडतो.

निनाद हसला नाही. सरांच्या शेजारून सरळ मीटिंगमध्ये घुसला. मी टेबलावरून बघत होतो.

"एक्सक्यूज मी. स्टिकर मी लावला. चाचांना माहीतही नव्हतं."

"निनाद, बाहेर!" सर मागून ओरडले.

"नाही पप्पा. तुम्ही चाचांना सगळ्यांसमोर बोललात ना, मग मलाही इथेच बोला. बॉय म्हणून सोडू नका. मी केलंय. आधी चाचांच्या कागदावर सही करा."