बाईंची नाडी

"उद्या मोठ्या बाई तासाला बसणार आहेत," असं तिनं घरी सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी भाजी निवडता निवडता एक हात पुढे केला. "घे बाई, मोज एकदाची."

आठवडाभर घरात हाच उद्योग चालला होता. सातवीला नाडीचा धडा घ्यायचा म्हणून ती दिसेल त्याचं मनगट धरत होती. नवरा झाला, सासूबाई झाल्या, दूधवालासुद्धा सुटला नाही. बाळाची मोजायला गेली, तर त्यानं तिचीच बोटं तोंडात घातली.

एके काळी ती लांब पल्ल्याची धावपटू होती. शेवटच्या फेरीला बाकीचे धापा टाकायचे, तेव्हा हिचा खरा दम सुरू व्हायचा. मग गुडघा दुखावला आणि शर्यती सुटल्या. पण पळताना आत नेमकं चालतं काय, हे कोडं काही सुटेना. त्या कोड्यापायी विज्ञान शिकली, बाई झाली. पळणं मात्र अंगातून गेलं नाही. बाळ उठायच्या आत अजूनही रोज पहाटे पळून यायची.

नोकरी तात्पुरती होती. पहिल्याच दिवशी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या, "पळणाऱ्यांचा मेंदू गुडघ्यात असतो म्हणतात. बघू या. नाहीच जमलं, तर मैदान आहेच."

उद्याच्या तासावर ते ठरायचं होतं. वर्गात खडू, की मैदानावर शिट्टी.

"शिट्टीत वाईट काय आहे?" नवरा बाळाला थोपटत म्हणाला.

"वाईट काही नाही रे. पण पळायला लावणारे पुष्कळ भेटतात. आत काय होतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते सांगायचंय."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई शेवटच्या बाकावर गुडघे मुडपून बसल्या आणि तास सुरू झाला.

"बाई, माझी नाडी लागतच नाही!"

"मग तू बोलतोयस कसा?" शेजारचा म्हणाला, आणि वर्ग खिदळला.

हळूहळू सगळ्यांना नाडी सापडली. फळ्यावर आकडे उतरले, पुस्तकातल्या आकड्याशी जुळलेही. तिला इतका हुरूप आला, की न ठरवलेलं वाक्य तोंडून निघून गेलं. "आता माझी मोजा पाहू!"

एका जागी न टिकणारी, सगळे भिंगरी म्हणायचे अशी मुलगी पुढे आली. तिनं मोजली. कपाळाला आठी घातली. पुन्हा मोजली.

"बाई, तुम्ही बसा."

"का गं?"

"बसाच तुम्ही. चव्वेचाळीस आहे."

पुस्तक उघडून कुणीतरी वाचलं, "साठाच्या खाली गेल्यास डॉक्टरांना दाखवावे." मग जी धांदल उडाली! एकीनं खिडकी उघडली, दोघांनी वहीनं वारा घातला, पहिल्या बाकावरची तर मुसमुसायलाच लागली. कोणी बोलावलं देव जाणे, शिपाईमामा खुर्ची उचलून धावत आले.

"कोण पडलं?"

"अजून कोणी नाही," भिंगरी म्हणाली. "पण पडतील."

इकडे बाईंनी कपाळावर हात मारला. साऱ्या जगाची नाडी मोजली, आणि स्वतःची मोजायची राहिली! धावपटूची नाडी मंद असते हे ती जाणून होती. पण इतकी वर्षं ती अंगवळणी पडलेली, की जगाची तशी नसते हेच ध्यानात राहिलं नाही. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मोठ्या बाई उठल्या. "बरं नव्हतं तर सांगायचं होतंत. तास थांबवू या."

'अहो, मी पळते म्हणून' एवढं म्हटलं असतं, तरी भागलं असतं. पण शर्यतीत ती एक गोष्ट शिकली होती. सगळे बिथरले, की आपण आपली चाल सोडायची नाही.

"थांबा, बाई. मुलांनो, पुस्तक चुकलं, भिंगरी चुकली, की मी आजारी? कसं शोधाल?"

"दुसऱ्यानं मोजायची!"

दुसऱ्यानं मोजली. तेवढीच.

"मग बाईंना पळवायचं! आजारी माणूस पळेल का?"

"पण दुसरं मोठं माणूस हवं ना सोबत. त्याशिवाय कळणार कसं?"

सगळ्या माना एकदम मागे वळल्या.

"माझ्याकडे काय बघता?" मोठ्या बाई गरजल्या. कुणी नजर हटवली नाही. "बरं. एकच फेरी. आणि मामा, तुम्ही हसू नका, तुम्हीपण चला."

मुलांनी खुर्ची बाहेर आणून ठेवली, आणि चपला पायरीवर काढून तिघं मैदानात उतरले. ती वाऱ्यासारखी फिरून आली. शिपाईमामा अर्ध्यावरूनच परतले आणि स्वतः आणलेल्या खुर्चीत कोसळले. मोठ्या बाईंनी मात्र निम्मं पळत, निम्मं चालत, लालबुंद होऊन फेरी पुरी केली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

मोठ्या बाईंची नाडी इतकी धडधडत होती, की भिंगरीची मोजणी चुकायला लागली. बाईंची मात्र बघता बघता पुन्हा संथ झाली.

"म्हणजे बाईंचं हृदय आळशी नाही," भिंगरी सावकाश म्हणाली. "पेल्यानं टाकी भरायची तर खेपाच खेपा. बादलीनं भरली तर थोड्याच. बाईंचं हृदय बादली आहे!"

कित्येक वर्षं तिनं उराशी बाळगलेलं कोडं, आणि पोरीनं त्याचं उत्तर असं चुटकीसरशी शब्दांत मांडलं.

"अजून घंटा कशी नाही झाली?" मोठ्या बाईंनी धापा टाकत विचारलं.

"घंटा मीच देतो ना," खुर्चीतून शिपाईमामा क्षीण आवाजात म्हणाले.

मुलं वर्गाकडे पळाली. मोठ्या बाई पायरीवर टेकल्या, गुडघे चोळायला लागल्या.

"गुडघ्यांबद्दल बोलले होते, ते मागे घेते. माझेच काय म्हणतायत ते ऐकते आहे. शिट्टी देऊ दुसऱ्या कुणाला. तुम्ही विज्ञानच शिकवा." मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "एक सांगा, या वयात पेल्याची बादली होते का हो?"

"होते की," ती त्यांच्या चपला पुढे सरकवत म्हणाली. "पण बाळ उठायच्या आत यावं लागेल."