तोंडचं पाणी

सिस्टरने कागद पुढे ओढला, तशी शारदाबाईंनी मिश्रीची डबी कनवटीत आणखी खोल खोचली.

"पेशंटच्या घरातलं एक धडधाकट माणूस लागेल," शुभांगी सिस्टर म्हणाली. "रोज जवळ असणारं, एका ताटात खाणारं. त्याचीही लाळ घ्यायचीय. कुणाचं नाव लिहू?"

"ऋतिका," मनीष म्हणाला. आईकडे न बघता त्याने बायकोचं नाव घेतलं, आणि शारदाबाईंना तेच जास्त लागलं.

दीड वर्षापासून त्याच्या आतड्याला सूज होती. उरवड्याच्या कारखान्यात एका पाळीत आठ-आठदा संडास, त्यात रक्त. अंगावरचे सदरे हँगरला लावल्यासारखे दिसू लागले होते. मागच्या आठवड्यात हिंजवडीच्या या डॉक्टरांनी सांगितलं, तोंडातले काही जंतू आतड्यात जाऊन ठाण मांडतात आणि सूज वाढवतात, अशी शंका आहे. नक्की काही नाही, तपासतोय. तांदळातले खडे वेचावेत तसे शारदाबाईंनी 'शंका' आणि 'नक्की नाही' वेचून टाकले आणि उरलेलं घरी नेलं. तोंडातले जंतू. आता तोंड कुणाचं, याला डॉक्टर कशाला हवा? लग्नाला दोन वर्षं, दुखण्याला दीड. सून त्याच्या अर्ध्या पेरूला दात लावते, त्याच्या कपातला चहा पिते, त्याच्या ताटातली उरलेली भाकरी संपवते. संध्याकाळपर्यंत नांदे गावातल्या चार ओसऱ्यांवर हा निकाल पोचला होता.

तेव्हा सुनेचं नाव कागदावर चढताना त्यांना खरं तर गार वाटायला हवं होतं. पण 'जवळ असणारं' हा शब्द घशात काट्यासारखा अडकला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "उष्टं त्यानं माझं खाल्लंय. दात न्हवते तवा भाकर चावून मी भरवलीय. जंतू असतील तर माझं हायेत."

"आई, जंतू म्हंजे काय जमीन हाय व्हय, सातबाऱ्यावर चढवायला?" मनीष वैतागला.

सिस्टरने हसू दाबलं. "मावशी, त्याला तीस वर्षं झाली."

"जंतूला काय वयाची अट हाय?"

"बरं. तंबाखू, मिश्री?"

"न्हाई."

"जरा आ करा बघू."

शारदाबाईंनी ओठ घट्ट मिटले. साक्षीदार आतच बसले होते, काळेभोर. ऋतिकाला हसता आलं असतं. ती हसली नाही. खाली बघून तिने पर्सची चेन उगाचच उघडली, लावली. म्हणजे तेवढा चांगुलपणाही तिच्याच पदरात पडला.

मिश्रीचं तोंड चालणार नव्हतं; लाळेची नळी ऋतिकाच्या हातात गेली. रेघेपर्यंत भरायची, पाणी प्यायचं नाही. तिने पाच मिनिटं खटपट केली. तळाला बोटभर फेस जमला.

"आजच्या आज हवं हं," सिस्टर म्हणाली. "दोन्ही नमुने आले नाहीत तर यांचं नाव या तपासणीत बसणार नाही. पुढची सहा महिन्यांनी."

मनीष पोटाशी हात धरून उठला आणि भिंतीला धरत संडासाकडे गेला. सकाळपासून चौथ्यांदा. ते बघून ऋतिकाच्या तोंडात होतं तेवढंही पाणी पळालं.

उपाय शारदाबाईंना ठाऊक होता. तो त्यांनी थोडा वेळ गुळाच्या खड्यासारखा तोंडातच घोळवला. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ मनीषचं कण्हणं.

"कैरी," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"काय, आई?"

"आमच्या बांधावरची. आंबटढाण. पाट्यावर मीठमिरची वाटायची, हिरवी. फोड उभी चिरायची. कोयीजवळ पांढरं असतं न्हवं, तितं बोटानं मीठ चोपडायचं. मग दाताखाली…" त्यांनी टाळूला जीभ लावून टक्क केलं.

सिस्टरने आवंढा गिळला. ऋतिकाचे गाल आत ओढले गेले; ती घाईने नळीवर वाकली.

"अजून," ती वाकूनच म्हणाली. दोन वर्षांत तिने सासूकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

"चिंच. गाभुळलेली. मीठ लावून गोळा करायचा, काडीला लावायचा, आन् हळूहळू…"

नळी रेघेपर्यंत भरली. सिस्टरने टोपण लावलं, चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर ऋतिकाचं नाव.

मनीष तोंड पुसत बाहेर आला. "झालं?"

"झालं," ऋतिका म्हणाली.

शारदाबाईंनी वाकून नळी न्याहाळली आणि तळापासून बोटभर वर नख टेकवलं.

"हितपतुर तुजं," त्या सुनेला म्हणाल्या.

वरचं कुणाचं, ते ऋतिकाने विचारलं नाही. तिच्या तोंडाला अजून पाणी सुटत होतं.