बोट कुणाचंही असो

सोमवारचा पहिला तास माझा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवते, आणि सोमवारी पुस्तक उघडायचं नाही असा माझ्या वर्गाचा नियम आहे. प्रत्येकीनं आठवड्याच्या पेपरांतून आजाराची, ऑपरेशनची, नव्या औषधाची, कसल्याही दुखण्याखुपण्याची एक बातमी कापून आणायची. त्यातला अवयव कोणता, तो एरवी काय काम करतो आणि आता त्याचं काय बिनसलंय, हे फळ्यापाशी येऊन सांगायचं. मग बातमीतलं खोटं वाक्य शोधून त्याखाली लाल रेघ मारायची आणि खरं वाक्य फळ्यावर लिहायचं. खोटं वाक्य असतंच. एवढी वर्षं शिकवतेय, एकही बातमी त्यावाचून सुटलेली नाही.

पेपरवाल्यांवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. एकदा कुणीसं छापलं होतं की अमुक फळाचा रस रोज घेतला की रक्त शुद्ध होतं. "मग मूत्रपिंडं काय दिवसभर माश्या मारत बसतात?" मी वर्गाला विचारलं. मुली हसून हसून बेजार झाल्या, पण मूत्रपिंडाचं काम परीक्षेत एकीनंही चुकवलं नाही. हसताना शिकलेलं माणूस विसरत नाही, एवढंच माझं शिक्षणशास्त्र.

त्या सोमवारी काडेपेटीनं आणलेली बातमी मात्र तिची तिलाच नीट पटलेली नव्हती. काडेपेटी म्हणजे पहिल्या बाकावरची, चणीनं एवढीशी आणि बोलायला लागली की भडका. बातमीचा मथळा होता, 'मृत घोषित तरुणाने हात उचलला, डॉक्टर थक्क'. खाली चमत्कार, देवाची कृपा, आईची हाक, सगळा मसाला होता.

मी तिला टेबलावर बसवलं, पाय लोंबते सोडायला लावले आणि गुडघ्याच्या वाटीखाली छोटी हातोडी मारली. पाय टुणकन उडाला.

"तू उडवलास?"

"नाही बाई, आपोआप उडाला."

"मेंदूला विचारून उडाला?"

"नाही."

"मग कुणाच्या हुकमानं?"

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या, हे तिला येत होतं. मग मी सांगितलं की मेंदू कायमचा मेला, पण व्हेंटिलेटरनं प्राणवायू आणि हृदयानं रक्त पुरवणं चालू ठेवलं, तर मज्जारज्जू आपलं काम करत राहतो. घरमालक गेला तरी गेटवरचा वॉचमन बेल वाजली की उठतोच. हात उचलला म्हणजे माणूस परत आला असं नाही. काडेपेटीनं 'चमत्कार' या शब्दाखाली दोनदा रेघ मारली.

मागून कुणीतरी विचारलं, "बाई, मग तान्हं बाळ आपलं बोट घट्ट धरतं, ते?"

"तेही त्यातलंच. तळहाताला काही लागलं की मूठ मिटते. बोट लावा नाहीतर पेन्सिल लावा. पाच-सहा महिन्यांत मेंदू शहाणा होतो आणि ते जातं. आया आपल्या उगाच हुरळून जातात."

वर्ग हसला. मीही हसले, पण बोलताना मला धाकटी आठवली होती.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. पडदे शिवते. तिचा मुलगा जन्मला तेव्हा मी तिथेच होते. सिस्टरनं बाळ तिच्या कुशीत ठेवलं, तिनं त्याच्या मुठीत बोट दिलं आणि ते त्यानं असं काही धरलं की वजनाला न्यायची वेळ झाली तरी सोडेना. "चिमटाच आहे नुसता," सिस्टर म्हणाली आणि तेच नाव पडलं. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली तर तो ओ देत नसे. मूल दुडूदुडू चालायच्या आत त्याचे वडील वारले. पुढे घरात कुणी पाहुणा आला की धाकटी बोट वर करून ती गोष्ट सांगायची. "पहिल्याच दिवशी ओळखलं मला. म्हटलं, आता हा काही सोडत नाही." मी दरवेळी समोर असायची आणि दरवेळी गप्प बसायची. माझा स्वभाव पाहता हे सोपं नव्हतं.

चिमट्याला माझा स्वभाव पुरता ठाऊक होता. लहानपणी त्याच्या विज्ञानाच्या वह्या मीच तपासायची, त्यामुळे लाल रेघ म्हणजे काय हे त्या घरात कुणाला समजवावं लागत नसे. मोठा झाल्यावर मी दारात दिसले की तो ओरडायचा, "लाल मावशी आली, खरं बोला रे सगळे!"

त्या तासानंतरच्या आठवड्यात त्याची मोटरसायकल खडीवरून घसरली. हेल्मेट हँडलला लटकवलेलं होतं. डोकं आपटलं, बाकी अंगावर म्हणावी अशी जखमही नव्हती.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी मला कागद दाखवले. माझं काम काय ते त्यांना कळलं होतं, त्यामुळे त्यांनी शब्द सोपे करायची तसदी घेतली नाही. डोळ्यांत उजेड टाकला, बाहुल्या आकसल्या नव्हत्या. व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला करून पाहिलं होतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत गेला की मेंदूचा देठ माणसाला श्वास घ्यायला भाग पाडतो. साठत गेला होता, श्वास आला नव्हता. दोन वेळा चाचणी झाली होती, दोन्ही वेळा तेच. हे आकडे मी फळ्यावर कितीतरी वेळा लिहिलेत. वाचले आणि कळलं की चिमटा गेला. मी त्यांना कागद परत दिले.

"तुमच्या बहिणीला पटत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी हातात हात घेतला की त्याची बोटं मिटतात. त्या म्हणतात, तो जागा आहे. अवयवदानाचं मी विचारलं तर मला म्हणाल्या, तुम्ही जिवंत मुलगा कापायला निघालात. आम्ही जबरदस्ती करणार नाही. पण व्हेंटिलेटरवर हृदयही फार काळ साथ देणार नाही. तुम्ही बोला."

धाकटी त्याच्या पलंगाला खेटून स्टुलावर बसली होती. दुपार होती, खिडकीतून ऊन त्याच्या पायांवर पडलं होतं. त्याची छाती वरखाली होत होती, गालांवर रंग होता. मी शरीर शिकवणारी बाई, पण क्षणभर मलाही वाटलं की आता हा डोळे उघडून माझी खोड काढेल.

"ताई, बघ." तिनं तिचं बोट त्याच्या तळहातावर ठेवलं. बोटं हळूच मिटली. "बघितलंस? आणि ते मला सांगतात, गेला."

मी दुसरं स्टूल ओढलं. वर्गात जे हसत सांगितलं होतं ते मी तिला न हसता सांगितलं. मज्जारज्जू, मेंदू, कोण कुणाला विचारत नाही, सगळं. वॉचमनचं उदाहरण जिभेवर आलं होतं, ते गिळलं. मग मी माझं बोट त्याच्या दुसऱ्या तळहातावर ठेवलं. तीही बोटं मिटली. मग तिच्या पर्समधला कंगवा काढून ठेवला. त्यावरही मिटली.

ती कंगव्याकडे बघत राहिली. असलं काही मी आयुष्यात पुन्हा कुणाला दाखवणार नाही.

"म्हणजे मी आहे हे त्याला कळत नाहीये," ती म्हणाली.

"नाही कळत."

"आत कुणीच नाही?"

"नाही गं."

ती रडली नाही. पदरानं त्याच्या ओठाच्या कडेला आलेला ओलावा तिनं टिपला, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "आणि जन्मला तेव्हा?"

"काय?"

"तेव्हा धरलं होतं ते? तेही असंच होतं? खरं सांग, ताई. तुला माहीत असणार."

मला माहीत होतं. पुस्तकातलं पान, पानावरची आकृती, सगळं डोळ्यांसमोर होतं.

"छे! ते वेगळं," मी म्हटलं. "ते त्यानं ओळखून धरलं होतं. तुझा आवाज तो पोटात असल्यापासून ऐकत होता."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनं त्याच्या हातातून कंगवा काढून घेतला, पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "कुठे सही करायची?"

मी ते तिच्या दयेपोटी म्हटलं की सही व्हावी म्हणून, हे मी स्वतःला अजून विचारते. दोन्ही खरं असावं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

चिमट्याचं हृदय, यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडं गेली. बाकीचा चिमटा आम्ही घरी आणला आणि त्याला निरोप दिला. काही दिवसांनी एक बातमीदार धाकटीकडे येऊन गेला. सोमवारी सकाळी मी कॉलेजला निघत होते तेव्हा तिचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात थोडा जीव होता.

"ताई, पेपरात आलंय. शेजारणीनं वाचून दाखवलं. त्यात तू सांगितलेलंही आलंय. तुझ्या मुलींना दाखव हं. आणि संध्याकाळी येताना कात्रण आण, तुझ्याकडे असतातच."

"बघते," मी म्हटलं. दाखवणार नव्हते. पण काडेपेटी पेपर वाचल्याशिवाय चहाला तोंड लावत नाही, हे मी विसरले होते.

ती कात्रण घेऊनच फळ्यापाशी आली. मी सुटीवर होते ते घरात कुणी गेलं म्हणून, एवढंच मुलींना माहीत होतं. काडेपेटीनं घडाघडा सुरुवात केली. अपघातात मेंदू मृत, चौघांना जीवनदान. हृदय बाहेर काढल्यावर काही तासांतच बसवावं लागतं, मूत्रपिंडं बर्फात जास्त वेळ टिकतात. यकृत हा सगळ्यात जड आतला अवयव, पित्त करतं, साखर साठवतं. एकेक अवयव ती बोटावर मोजून सांगत होती आणि एकाही ठिकाणी चुकली नाही. मी खुर्चीचा हात घट्ट धरून ऐकत होते. इतकं चांगलं उत्तर मला वर्षभरात कुणी दिलं नव्हतं.

"खोटं वाक्य एकच आहे, बाई," ती म्हणाली. "तेही शेवटी. आई म्हणते, 'जन्मल्या दिवशीच त्यानं मला ओळखून माझं बोट धरलं. माझी बहीण शरीरशास्त्र शिकवते, तिनंही हेच सांगितलं.' हे साफ चूक आहे. आपण मागे शिकलो ना!"

वर्गात खसखस पिकली. "बाई, ही मावशी कुठे शिकवत असेल हो?" कुणीतरी म्हणालं. "तिच्या मुली नापासच होत असणार!"

"असेल कुठेतरी," मी म्हटलं.

काडेपेटी त्या वाक्याखाली लाल रेघ मारून खडू घेऊन थांबली होती. "बरोबर आहे ना बाई?"

पुढच्या वर्षी ही पोर वॉर्डात उभी राहणार. तिच्यासमोर कुणाची तरी आई बसलेली असणार. तिथे काय बोलायचं ते मी तिला शिकवू शकत नाही, निदान खरं काय तेवढं तरी तिला नीट माहीत हवं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "खरं वाक्य लिही. तळहाताला स्पर्श झाला की नवजात बाळाची मूठ मिटते. बोट कुणाचंही असो."

ती ते मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहीत गेली. बाकीच्यांनी वहीत उतरवून घेतलं. तास संपल्यावर बाकीची कात्रणं बोर्डावर टाचली, ते एक पर्समध्ये टाकलं.

संध्याकाळी धाकटीकडे जाताना त्याच पेपराची कोरी प्रत घ्यावी म्हणून कोपऱ्यावरच्या स्टॉलवर थांबले. "सकाळचा पेपर आता कुठला, बाई?" स्टॉलवाला म्हणाला. "उद्याचा हवा तर सकाळी या." पुढच्या स्टॉलवरही तेच.

धाकटी मशीनवर बसली होती. अर्धा शिवलेला पडदा खाली लोळत होता, तिचा पाय पायटीवर होता पण मशीन बंद होतं. दाराआड त्याचे बूट अजून तसेच होते. मला बघून तिनं आधी पाणी दिलं, मग हात पुढे केला.

"आणलंस?"

मिळालं नाही असं सांगायचं मी वाटभर ठरवत आले होते. पण तिचा तो पुढे केलेला हात बघून मला ते जमलं नाही. मी कात्रण काढून दिलं.

तिनं आधी त्याचा फोटो पाहिला, मग ओळीवरून बोट फिरवत खाली आली. शेवटच्या वाक्यापाशी बोट थांबलं. 

"लाल रेघ आहे," ती म्हणाली.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

तिनं मान वर केली नाही. "तू मारलीस?"

"नाही."

"मग असू दे," धाकटी म्हणाली, आणि मशीनवरची एक टाचणी उचलून तिनं ते कात्रण समोरच्या लाकडी फळीला लावून टाकलं.